सासूबाईंचा डबा आणि ५५ नाणी

पत्र: "आम्ही लातूर जिल्ह्यातले. माझ्या सासूबाई श्रावणात गेल्या. माळ्यावर त्यांचा पत्र्याचा डबा होता, त्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेली ५५ नाणी निघाली. यादी अशी: ११ चांदीचे रुपये (१८६२चा एक, १८९०चा एक, १९०६चा एक, १९११चा एक, १९१८चे चार, १९४४चे दोन, १९४७चा एक). कडी लावलेले ६ रुपये, सासूबाईंच्या माळेतले. चारमिनारची ७ नाणी. काळ्या जाड तांब्याच्या ९ शिवराया. भोकाचे १४ पैसे. कमळाची पिवळी २० पैशांची ५ नाणी. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची एकेक. आणि राम दरबाराचे १८१८ सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे एक मोठे नाणे, ते देवघरात असायचे.

मोबाइलवर जाहिरात आली की वैष्णोदेवीच्या नाण्याला १० लाख मिळतात. फोन केला. त्या माणसाने रिझर्व्ह बँकेचे पत्र पाठवले, नोंदणीचे १,२५० रुपये घेतले, आधार कार्डाचा फोटोही घेतला. आता जीएसटीचे ८,५०० मागतो आहे. हे म्हणतात सगळे सोनाराकडे देऊन टाक. मोठे दीर म्हणतात अमेरिकेतल्या पुतण्याकडे पाठवू, तिकडे डॉलरमध्ये भाव येईल. धाकटे दीर म्हणतात तीन वाटण्या करा. माझ्या मनात आहे की आधी चिंचेने घासून लख्ख करावीत, म्हणजे भाव कळेल. काय करू?"

ताई,

आधी त्या फोनवाल्याचे बघू. बाकी सगळे महिनाभर थांबले तरी चालेल, हे आज संध्याकाळपर्यंत व्हायला हवे. त्याला आता एक रुपयाही देऊ नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, त्यावर फोन करून गेलेल्या १,२५० रुपयांची तक्रार नोंदवा. पैसे कोणत्या खात्यात गेले आणि कोणत्या दिवशी, हे बँकेच्या मेसेजमधून बघून ठेवा. लवकर कळवले तर पुढच्या खात्यात अडकलेली रक्कम रोखता येते. आधारचा फोटो गेलाच आहे, तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बोटांच्या ठशांचे कुलूप लावून घ्या. घरातले कोणतेही शिकलेले पोर ते पाच मिनिटांत करून देईल.

रिझर्व्ह बँकेचे ते पत्र खोटे आहे, हे मी न बघता सांगतो. रिझर्व्ह बँक जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याच्या व्यवहारात नसते आणि त्यासाठी फी, कमिशन किंवा कर कोणाकडून मागत नाही. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर पत्रक काढून हे सांगितले, कारण तिचे नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना असेच लुबाडले जात होते. आणि साधा हिशोब बघा. गाय विकत घ्यायला आलेला माणूस आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो का? घेणारा पैसे देतो. उलटा व्यवहार दिसला की फोन ठेवायचा.

वैष्णोदेवीचे नाणे २०१२ सालचे, देवस्थान मंडळाच्या २५ वर्षांनिमित्त काढलेले. ५ आणि १० रुपयांची ही नाणी भरपूर निघाली आणि व्यवहारातही आली. छंदी लोक ती दर्शनी किमतीपेक्षा थोडी जास्त देऊन घेतात, तेवढेच. तुम्ही फसलात यात तुमचा मूर्खपणा नाही. घरात मयत झालेली, डब्यातून अचानक धन निघालेले, अशा वेळी माणूस आशेवर असतो. ही टोळी नेमकी त्या आशेवर जगते.

आता दुसरी घाई. चिंच ठेवून द्या. लिंबू, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, काही लावू नका.

मी सहावीत असताना आजोबांनी मला एक शिवराई दिली होती. काळपट तपकिरी, हातात घेतली की गार. मी ती चिंच-मिठाने आणि चुलीतल्या राखेने दुपारभर घासली. संध्याकाळी ती नव्या तांब्याभांड्यासारखी लालभडक झाली आणि मला फार आनंद झाला. पुढे काही वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या नाणेवाल्याला दाखवली. त्याने ती उन्हाकडे तिरकी धरली, अंगठ्याच्या नखाने 'शिव' या अक्षरांवरून हलके फिरवले आणि म्हणाला, "अक्षरांची धार तू घासून काढलीस बाळा. ही आता भरून येत नाही." ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जी तपकिरी काळी कळा चढते, तिच्यामुळेच अक्षरे खोलात दिसतात आणि खालचा धातू सुरक्षित राहतो. चांदीवरच्या निळसर करड्या झाकेचेही तसेच. घासलेले नाणे पारखी माणूस दुरून ओळखतो आणि भाव बराच खाली येतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडावर ठेवून टिपा. पुसायचे नाही, टिपायचे. एखाद्या शिवराईवर पिस्त्यासारखी फिकट हिरवी भुकटी दिसली आणि झटकली तरी काही दिवसांनी पुन्हा आली, तर ते नाणे बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवा. तो तांब्याचा रोग आहे, दमटपणात वाढतो.

चिंधीतून काढली असतील तर आता वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबर लावून गठ्ठेही बांधू नका. दोन्हींनी चांदी काळी पडते. प्रत्येक नाण्याला वेगळे छोटे कागदी पाकीट करा, वर पेन्सिलीने क्रमांक लिहा, तोच क्रमांक वहीत. नाणे धरायचे ते कडेला, दोन बोटांत. तोंडावर बोट नको, घामाचे ठसे उमटतात.

मग गावातल्या सोनाराकडे जा, पण विकायला नाही, वजन करायला. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, १८० ग्रेन, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. वापरून झिजलेला ११.४ किंवा ११.५ भरेल. दहा-साडेदहा भरला तर शंका घ्या. त्यात चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे एका रुपयात जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीचा चांदीचा भाव ग्रॅमवर काढून गुणा. हा आकडा नाण्याची तळाची किंमत आहे. यापेक्षा कमी सांगणाऱ्याला नमस्कार करून परत यायचे. नाण्याची कडही बघा. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेने बारीक शिवण दिसते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. खरे नाणे दाबाने पाडलेले असते, त्याची पाटी (अक्षरांमधली मोकळी जागा) सपाट आणि अक्षरांचे काठ ताठ असतात.

आता तुमचे ११ रुपये एकेक बघू.

१९४७चा रुपया चांदीचा नाहीच. मागे वाघ आहे ना? तो निकेलचा आहे, लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. १९४४चे दोन अर्ध्या चांदीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना म्हणून १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. म्हणजे एका रुपयात ५.८३ ग्रॅमच. त्यांच्यावर बारीक इंग्रजी एल अक्षर आहे का तेवढे बघा. असले तर तो लाहोरच्या टांकसाळीत पाडलेला. त्याने लाखाचा होत नाही, पण गोष्ट तर आहे.

१९१८चे चार रुपये फार सापडतात आणि का सापडतात ते सांगतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्याकडून धान्य, ताग, शिपाई, जनावरे सगळे विकत घेतले आणि लोकांना हवे होते रोख बंदे रुपये. कागदी नोट बदलून चांदी मागणाऱ्यांची गर्दी वाढली, सरकारच्या तिजोरीतली चांदी संपत आली. तेव्हा अमेरिकेने १९१८मध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. त्या एका सालात मुंबई आणि कलकत्ता मिळून ४० कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. तुमच्या सासूबाईंच्या सासूच्या पदराला बांधलेला रुपया कदाचित आधी अमेरिकन डॉलर असेल. पण ४० कोटी म्हणजे ४० कोटी. चांदीचा भाव आणि वर थोडे, एवढीच त्याची किंमत.

१८९०चा राणीछाप आणि १९०६चा एडवर्ड राजाचा (डोक्यावर मुकुट नाही, बघा) हेही नेहमीचे. त्यांचा भाव स्थितीवर ठरेल. राणीच्या कानावरचे केस, गाल आणि मुकुटावरचे नक्षीकाम हे उंच भाग आधी झिजतात. तिथे केसाच्या रेषा वेगवेगळ्या मोजता आल्या तर नाणे चांगले. गुळगुळीत झाले असेल तर चांदीचा भाव.

१८६२चा मात्र बाजूला काढा. हे साल फसवे आहे. सरकारने १८६२नंतर बारा वर्षे रुपयावर तेच साल चालू ठेवले, १८७४पर्यंत. म्हणून १८६२ लिहिलेले रुपये रग्गड आहेत आणि निव्वळ सालावरून कोणी जास्त पैसे देत नाही. पण मुंबईच्या टांकसाळीने आपल्या खुणेसाठी बारीक उठावाचे ठिपके टाकले, सालाच्या खाली आणि काहींवर वरच्या 'वन' शब्दापाशी. वर किती, खाली किती, या मेळातून नेमके वर्ष काढतात आणि काही मेळ खरोखर कमी मिळतात. दहा पट मोठे दाखवणारे भिंग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे असते. सकाळच्या उन्हात खिडकीशी बसा, नाणे थोडे तिरके धरा. ठिपका आणि घाण यांत फरक असा, की ठिपक्याला गोल सावली पडते.

आणि १९११चा. ताई, ५५ नाण्यांत हे एक नाणे असे आहे, की तुमचे पत्र वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. पंचम जॉर्ज राजा झाल्यावरचा हा पहिला रुपया. राजाच्या छातीवरच्या झग्यावर सन्मानाची साखळी आहे, तिच्यात एक छोटा हत्ती आहे. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली, की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटले. नाराजी उठली. सरकारने पुढचे वाटप थांबवले, १९१२च्या ठशात सोंड नीट लांब केली. ९४ लाखांच्या आसपास पाडले होते, पण व्यवहारात गेले त्यातले थोडेच, बाकीचे वितळवले. नाणेवाले त्याला डुक्कर रुपयाच म्हणतात. हा लाखांत जात नाही, पण १९१८च्या कोणत्याही रुपयापेक्षा हा जास्त देईल, आणि फार न झिजलेला असेल तर बराच जास्त. सोनाराच्या मुशीत तो १०.७ ग्रॅम चांदी झाला असता. तुमच्या यजमानांना हे दाखवा.

या मालिकेत ज्या एका सालासाठी मोठमोठे संग्राहक जीव टाकतात ते १९३९, सहाव्या जॉर्जचा, जुन्या कसाच्या चांदीचा शेवटचा रुपया. तुमच्याकडे तो नाही. उद्या कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. १९३८चा ८ कोरून ९ करणारे लोक बाजारात भरपूर आहेत.

कडी लावलेल्या सहा रुपयांना डाग (धातू वितळवून केलेला जोड) दिलेला असतो, म्हणून संग्राहक ते नाणे म्हणून घेत नाही. कडी काढायला जाऊ नका, खालचा भाग आणखी बिघडतो. ती माळ म्हणून ओवून ठेवा. आपल्याकडे व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृत्या असायच्या, त्यावरून पुतळी हे नाव पडले आणि पुतळ्यांची माळ झाली. नाणे गळ्यात घालायची आपली रीत एवढी जुनी आहे. रुपयांची माळ त्याच घरातली.

चारमिनारची सात नाणी हा तुमच्या भागाचा खरा ठेवा. ही निजामाची नाणी, हाली सिक्का. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा बाजारात दोन रुपये चालायचे, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदीही कलदारपेक्षा कमी, म्हणून सात हाली दिल्यावर साधारण सहा कलदार मिळायचे. तुमच्याकडचे सातही रुपयेच असतील तर तो साधारण सहा कलदारांचा ऐवज. संस्थान सप्टेंबर १९४८मध्ये विलीन झाले तरी पुढे काही वर्षे हाली चालला. गावातल्या वृद्धांना विचारा, बाजारात भाव ठरवताना "हाली की कलदार?" असे आधी विचारले जायचे.

यांच्यात बघायचे ते चारमिनारच्या मधल्या कमानीत. तिथे एक उर्दू अक्षर आहे. मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान, शेवटचे निजाम. ऐन हे अक्षर उलट्या इंग्रजी तीनसारखे दिसते, खाली लांब शेपूट. उस्मान अली गादीवर आल्यावर, हिजरी १३२९-३०च्या सुमारास, पाडलेल्या काही नाण्यांवर ते अक्षर अर्धवट आहे, शेपटाशिवाय, नुसता छोटा बाक. ती संग्राहक वेगळी मोजतात. साल उर्दू आकड्यांत असते. गावात उर्दू शाळा असेल तर तिथल्या गुरुजींना सातही नाणी दाखवा आणि सन वहीत लिहून घ्या. एक गोष्ट तपासा: सातही रुपयेच आहेत की त्यात अर्धे-पाव रुपये मिसळलेत? आकार सारखा नसेल तर वजन वेगळे घ्या.

शिवराईवर मी पानेच्या पाने लिहू शकतो, पण तुमच्या कामाचे तेवढे लिहितो. शिवाजी महाराजांनी १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति'. हीच छाप पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत आणि त्यानंतरही, अशी एकूण दीडशे वर्षांच्या आसपास चालू राहिली. म्हणून हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली असे मानू नका. दोन ओळींच्या मधे आडव्या दोन रेघा असतील तर ती दुदांडी, उशिराची आणि सगळ्यांत जास्त सापडणारी. झिजलेल्या साध्या दुदांडीला थोडेच पैसे मिळतात. रेघ नसलेली, जाड, वजनदार, अक्षरे सुबक, ठिपक्यांचे वर्तुळ पूर्ण, अशी एखादी नऊत निघाली तर तिचा फोटो जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणालाही देऊ नका. काहींवर 'सिव' असते, काहींवर 'छत्रपती' दीर्घ असते. हे शुद्धलेखन चुकलेले नसते, ठसे कोरणारे गावोगावचे हात वेगळे होते. नऊही शिवराया ताटात ओळीने मांडा आणि फक्त 'श्री' बघत जा. नऊ वेगवेगळे श्री दिसतील.

एक विचारून घ्या: या शिवराया घरात चालत आलेल्या आहेत ना? नांगरताना शेतात सापडल्या असतील तर कायदा वेगळा आहे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. डब्यातल्या वारशाला ते लागू नाही.

भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले, युद्धात तांबे वाचवायला मधे भोक पाडले. नातवंडांना द्या. कमळाची २० पैशांची नाणी १९६८ ते १९७१ची, पिवळी दिसतात म्हणून त्यात सोने आहे अशी कुजबुज असते. सोने नाही. तीही मुलांना द्या.

राम दरबाराच्या नाण्याबद्दल लिहिताना मला जड जाते, कारण ते तुमच्या देवघरातले आहे. ते कंपनीचे नाणे नाही. राम दरबाराचे असे नाणे ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडले नाही. १६१६, १७१७, १८१८ अशी जोडीची साले, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसरीकडे कंपनीचे नाव, हे अलीकडच्या काळात जत्रेत, तीर्थक्षेत्री विकायला काढलेले टाक आहेत. कंपनीने नाण्यांवर देव आणले नाहीत असे नाही, मद्रासेत तिच्या सोन्याच्या होनांवर विष्णू होता. पण हे ते नव्हे. अशी नाणी तांदूळ ओढतात, त्यात दैवी धातू आहे, परदेशी शास्त्रज्ञ कोटी देतात, अशी टोळी गावात फिरते. 'राईस पुलर' हा शब्द कानावर आला की पोलिसांना कळवा. आणि तो टाक मात्र परत देवघरात ठेवा. सासूबाईंनी त्याला इतकी वर्षे हळदकुंकू वाहिले आहे.

आता विकायचे की नाही, कोणाला, किती. मोबाइलवर दिसतो तो मागितलेला भाव. कोणीही १० लाख मागू शकतो. बघायचा तो विकला गेलेला भाव. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या नाणे लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर बघायला मिळतात. नाण्याचे साल, टांकसाळ आणि स्थिती तुमच्याशी जुळणारी शोधा आणि शेवटची बोली बघा. पुण्यात कॉइनेक्ससारखी नाण्यांची प्रदर्शने भरतात, तिथे एका छताखाली बरेच नाणेवाले बसतात. एकाच नाण्याचा भाव निदान तिघांना विचारा, आणि विचारताना "विकायचे नाही, माहिती हवी" असेच म्हणा. मुंबईला जाणे झाले तर फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय बघा, नाशिककडे गेलात तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. खरे नाणे एकदा काचेआड नीट बघितले की खोटे डोळ्यांना खुपायला लागते.

फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. आणि ५५ नाण्यांचा एकत्र फोटो पत्त्यासकट कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

मोठ्या दीरांना सांगा, अमेरिकेला पाठवायचे नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. तुमचे १८६२, १८९०, १९०६, १९११, १९१८ सगळे त्यात बसतात, शिवराया तर बसतातच. कस्टममध्ये पकडले तर नाणी जातील आणि पुतण्या अडचणीत येईल.

धाकट्या दीरांचे म्हणणे रास्त आहे, त्यांना तसे सांगा. पण वाटणी यादी झाल्यावर. वहीत प्रत्येक नाण्याचा क्रमांक, साल, वजन, फोटो आणि तिघांच्या सह्या. डब्याबद्दल घरात कुजबुज सुरू झाली की ती पिढीभर चालते, हे मी जवळून पाहिले आहे. सह्या झाल्या की मग ठरवा. माझे मत विचारलेत म्हणून सांगतो: चांदीच्या भावाचे जे आहे, १९१८चे चार आणि १९४४चे दोन, ते सहजी वाटता येतात, हवे तर विकताही येतात. १९११चा, हाली सिक्के आणि चांगली शिवराई निघाली तर ती, एवढे तोडू नका. ते एका घरी राहू द्या आणि ज्या घरी राहतील त्याने बाकीच्यांना किंमत भरून द्यावी. माळ कोणाकडे जावी हे सुनांनी मिळून ठरवावे, त्यात दिरांनी पडू नये.

चिंधीही टाकू नका. त्या लुगड्याचा तुकडा यादीच्या वहीत शेवटच्या पानाला शिवून ठेवा.

तर १९३०वर फोन आज. उद्या सोनाराकडे वजन. रविवारी सकाळी सरांचे भिंग आणा, १८६२चा रुपया उन्हात तिरका धरा, आणि वर किती ठिपके, खाली किती, ते मला लिहून पाठवा. १९११च्या रुपयावरच्या हत्तीचा एक फोटोही, फक्त छातीचा भाग, जितका जवळून जमेल तितका.